पंप-टाकी हस्तपुस्तिका: पूर्णविरामानंतरची जागा (प्रकल्प नोंदी)

२ जून २०२५

कामाचा आवाका ठरला. मुंबईतल्या गृहनिर्माण सोसायट्यांत पंप चालवणाऱ्यांसाठी मराठी हस्तपुस्तिका करायची: खालची टाकी, गच्चीवरची टाकी, पंप, स्टार्टर, फुटव्हॉल्व्ह, फ्लोट. एकाच मजकुरातून तीन गोष्टी निघतील. फोनवर वाचायचे वेबपान, पंपरूमच्या भिंतीवर लावायचे ए३ पत्रक आणि हिंदी अनुवाद, कारण बऱ्याच ठिकाणी पंपावरच्या माणसाला हिंदी जास्त सोयीची असते. मजकूर मार्कडाऊनमध्ये (साध्या मजकुरात खुणा करून मांडणी सांगण्याची पद्धत), साठवण गिटवर (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे साधन), वेबपान आणि पीडीएफ दोन्ही पॅनडॉकमधून (मजकूर एका रूपातून दुसऱ्यात नेणारे साधन).

हाती आलेला मजकूर मिश्र आहे. काही वर्डच्या फाइली, काही युनिकोडपूर्व फॉन्टमधून बदलून घेतलेली पत्रके, काही फोनवर टाइप केलेल्या सूचना. तिन्हींत जागेचे दोष वेगवेगळे दिसतात. वर्डमध्ये पूर्णविरामानंतर कधी एक स्पेस, कधी दोन. बदललेल्या पत्रकांत चिन्हाच्या आधीही स्पेस (‘बंद करा .’) आणि कुठे कुठे दंडाऐवजी (।) उभी रेघ (|). फोनवरच्या मजकुरात नेमके उलटे, टिंबानंतर जागाच नाही: ‘पंप बंद करा.व्हॉल्व्ह उघडा.’

हा शेवटचा दोष सर्वांत त्रासाचा. युनिकोडच्या ओळ तोडण्याच्या नियमांनुसार टिंब आणि त्याला चिकटून आलेले अक्षर यांच्यात ओळ तुटत नाही. ‘करा.व्हॉल्व्ह’ हा ब्राउझरच्या दृष्टीने एकच शब्द ठरतो, अरुंद पडद्यावर तो सबंध खालच्या ओळीत जातो आणि वरच्या ओळीत भगदाड राहते. पुढचे वाक्य ‘भारत’ या शब्दाने सुरू होत असेल तर ‘आहे.भारत’ हा दिसायला चक्क वैध वेबपत्ता होतो, कारण ‘.भारत’ हे खरोखरचे डोमेन आहे.

४ जून

एक स्पेस की दोन, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत आला. इंग्रजी टंकलेखनाच्या वर्गांत शिकलेल्यांचा हात आपोआप दोनदा पडतो. टंकयंत्रावर प्रत्येक अक्षराला सारखीच रुंदी मिळे, त्यामुळे वाक्य संपल्याचे ठळक दिसावे म्हणून दोनची सवय रुजली. आता वारा एकीच्या बाजूने आहे. एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) शैलीने २००९ च्या सहाव्या आवृत्तीत मसुद्यांसाठी दोन सुचवल्या होत्या, २०१९ च्या सातव्या आवृत्तीत ती एकीवर परत आली. वर्डने २०२० मध्ये इंग्रजी मजकुरातल्या दोन स्पेस चूक म्हणून दाखवायला सुरुवात केली. मायक्रोसॉफ्ट आणि गूगल यांच्या तांत्रिक लेखनाच्या नियमावल्याही एकच सांगतात.

जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचे कोडिंग नियम मात्र कोडमधल्या टिप्पण्यांतल्या वाक्यांनंतर दोन स्पेस मागतात, आणि त्यामागचे कारण देखणेपणाचे नाही. ईमॅक्स या एडिटरला वाक्याचा शेवट आणि संक्षेपातले टिंब यांतला फरक कळावा, यासाठी ती दुसरी स्पेस आहे. म्हणजे तिथे स्पेस ही माहिती आहे. मराठीत या माहितीची गरज इंग्रजीपेक्षा जास्त आहे, हे ९ तारखेच्या नोंदीत सविस्तर येईल.

पण दोन स्पेस टाकून ती माहिती टिकत नाही. एचटीएमएलमध्ये लागोपाठच्या कितीही स्पेस एकच होऊन दिसतात. त्या जपायच्या तर सीएसएसमध्ये व्हाइट-स्पेसचा गुण बदलावा लागतो, आणि मग स्रोतातला प्रत्येक इंडेंटही पानावर उमटतो. दुसऱ्या बाजूला, पडद्यावर न दिसणारी ही जास्तीची स्पेस अनुवादाच्या साधनाला दिसते: वाक्यांच्या आत ती कुठे एक आणि कुठे दोन असेल, तर तोच मजकूर अनुवाद-स्मृतीत (आधीच्या अनुवादांच्या साठ्यात) शंभर टक्के जुळत नाही आणि अनुवादकाला पुन्हा तपासावा लागतो.

निर्णय: वाक्यानंतर एकच स्पेस. फरकाची माहिती दुसऱ्या मार्गाने नेली नाही तर ती हरवेल, म्हणून तो मार्ग आधी ठरवायचा.

९ जून

मुख्य अडचण मांडून ठेवतो, कारण पुढचे सगळे नियम तिच्यातून निघतात.

इंग्रजीत टिंबानंतर लहान अक्षर आले तर वाक्य संपलेले नाही, हे यंत्राला कळते. युनिकोडच्या २९ क्रमांकाच्या परिशिष्टात वाक्याच्या सीमेचे जे नियम आहेत, त्यांत नेमका हाच आधार घेतलेला आहे. देवनागरीत लहान-मोठे अक्षर नाही. त्यामुळे तो नियम आपल्यासाठी कधी लागूच होत नाही, आणि ‘टिंब, मग स्पेस, मग अक्षर’ दिसले की प्रत्येक वेळी नवे वाक्य धरले जाते. अंकांचे तेवढे नीट चालते: ‘२.५’ मध्ये टिंबाला चिकटून अंक असल्यामुळे तिथे सीमा पडत नाही, देवनागरी अंकांनाही हा नियम लागतो. मात्र कोणी ‘२. ५ बार’ असे लिहिले की दाबाचा आकडा दोन वाक्यांत फाटतो आणि ओळीच्या कडेला आला तर दोन ओळींतही.

हिंदीत ही अडचण निम्मी आहे, कारण वाक्य दंडाने संपते आणि टिंब संक्षेपाला मोकळे राहते. मराठीने एकोणिसाव्या शतकात इंग्रजी विरामचिन्हे घेतली (मेजर थॉमस कॅन्डी यांचे नाव या संदर्भात घेतले जाते), तेव्हापासून टिंब एकच आणि कामे दोन.

आलेल्या मजकुरातले एक वाक्य नमुन्याला घेतले: ‘पंप क्र. २ स. ६ वा. चालू करा. रा. १० वा. बंद करा.’ यात टिंबे सात आहेत, वाक्ये दोन. माणूस अर्थावरून वाचतो. यंत्र सात तुकडे करते, आणि हिंदी अनुवादकाच्या पडद्यावर ‘पंप क्र.’, ‘२ स.’, ‘६ वा.’ असे सुटे तुकडे येतात. ‘वा.’ एकटा पाहून त्याचे काय करायचे?

तीन उपाय विचारात घेतले.

लाघवचिन्ह (॰, युनिकोडमध्ये दशमान क्रमांक २४१६): ‘डॉ॰’ असे लिहिले की संदिग्धता संपते. तांत्रिकदृष्ट्या सर्वांत स्वच्छ. पण मराठी वाचकाला ते शून्यासारखे दिसते, आणि आकड्यांशेजारी ‘क्र॰ २’ लिहिणे पंपरूममध्ये धोक्याचे आहे. नाकारले.

संक्षेप काढून टाकणे: शक्य तिथे हाच उपाय पहिला. ‘स. ६ वा.’ ऐवजी ‘सकाळी ६ वाजता’. चार अक्षरे वाढतात, गोंधळ जातो. शिवाय ‘रात्री १० वा.’ वाक्याच्या शेवटी आले की एकच टिंब दोन्ही कामे करते आणि ते कोणत्याही नियमाने वेगळे काढता येत नाही.

अतूट स्पेस: जिथे संक्षेप ठेवावाच लागतो (क्र., डॉ., पृ.) तिथे टिंबानंतर साधी स्पेस न देता अतूट स्पेस द्यायची, म्हणजे क्रमांक १६० ची. तिचे दोन फायदे. ‘क्र.’ आणि ‘२’ यांच्यात ओळ तुटत नाही. आणि ओमेगाटीसारखे जावावर चालणारे अनुवादाचे साधन वाक्य तोडताना टिंबानंतर जे ‘बॅकस्लॅश-एस’ (शोधनमुन्यातली पांढऱ्या जागेची खूण) शोधते, त्यात जावाच्या मूळ वर्तनानुसार अतूट स्पेस मोडत नाही. त्यामुळे तिथे तुकडा पडत नाही, वेगळा अपवाद लिहावा लागत नाही.

म्हणून नियम असा: टिंबानंतर वाक्य संपत असेल तर स्रोतात नवी ओळ. टिंब संक्षेपाचे असेल तर अतूट स्पेस. टिंबानंतर साधी स्पेस स्रोतात कुठेच नको. तसे झाले की उरलेली प्रत्येक ‘टिंब अधिक साधी स्पेस’ ही आपोआप तपासायची जागा ठरते.

११ जून

संक्षेपांची यादी बंद केली. ठेवायचे: क्र., पृ., डॉ., उदा. बाकी पूर्ण लिहायचे. एककांतली टिंबे काढली: किमी, मिमी, सेंमी, एचपी. त्यामुळे ‘देवनागरी अक्षर, टिंब, देवनागरी अक्षर’ असा सलग क्रम वैध मजकुरात उरत नाही. तो दिसला की ती सुटलेली स्पेसच. आकडा आणि एकक यांच्यातही अतूट स्पेस: ‘५ एचपी’, ‘२.५ बार’, ‘५०० लिटर’.

तीन टिंबांऐवजी एकच लोपचिन्ह (क्रमांक ८२३०).

१३ जून

ओळीला एक वाक्य. ही पद्धत नवी नाही. ब्रायन कर्निघन यांनी १९७४ मध्ये युनिक्सच्या नवशिक्यांसाठी लिहिलेल्या टिपणात प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर सुरू करण्याचा सल्ला दिला आहे. ट्रॉफ या युनिक्सवरच्या छपाई-मांडणीच्या साधनात तर ओळीच्या शेवटी आलेले टिंब हीच वाक्य संपल्याची खूण असते, ओळीच्या मधले टिंब नव्हे. आपल्याला हवा तोच फरक.

मार्कडाऊनमध्ये परिच्छेदातली एकेरी नवी ओळ पानावर साधी स्पेस होऊन उतरते. चिनी-जपानीत यामुळे नको ती जागा शिरते. मराठीत शब्दांमध्ये स्पेस असतेच, त्यामुळे काही बिघडत नाही. डिफमध्ये (दोन आवृत्त्यांतला फरक दाखवणाऱ्या यादीत) सबंध परिच्छेद लाल-हिरवा न होता बदललेले वाक्यच दिसते. ‘पंप बंद करा’चे ‘पंप चालू करा’ झाले तर तपासणाऱ्याच्या नजरेतून ते निसटता कामा नये, आणि या एका कारणासाठीही ही पद्धत स्वीकारण्यासारखी आहे.

सांभाळायच्या जागा:

वर्डमधून पॅनडॉकने आणताना ‘रॅप’चा पर्याय ‘नन’ ठेवा. मूळ वर्तनात पॅनडॉक ७२ स्तंभांवर ओळी मोडतो. वाक्यांचे तुकडे झाल्यावर हाताने जुळवत बसणे नको.

अतूट स्पेस डोळ्यांना दिसत नाही. पॅनडॉकच्या मार्कडाऊनमध्ये बॅकस्लॅश आणि लगेच स्पेस लिहिली की ती अतूट होते, लेटेक्समध्ये (छपाईची मांडणी करणाऱ्या प्रणालीत) तिचेच टिल्ड (~) होते. स्रोतात हीच खूण वापरायची: डिफमध्ये दिसते, आणि कोणी ‘बॅकस्लॅश-एस’ने स्पेस गोळा करणारी स्क्रिप्ट चालवली तरी बॅकस्लॅश जागेवर राहतो. एकच धोका: ही खूण ओळीच्या अगदी शेवटी आली आणि एडिटरने शेवटची स्पेस छाटली, तर उरलेला बॅकस्लॅश सक्तीची नवी ओळ पाडतो. संक्षेप ओळीच्या शेवटी ठेवायचाच नाही. पॅनडॉकला संक्षेपांची वेगळी यादीही देता येते, पण ती फाइल अनुवादाचे साधन वाचत नाही. खूण मजकुरातच हवी.

मार्कडाऊनमध्ये ओळीच्या शेवटच्या दोन स्पेस म्हणजेही सक्तीची नवी ओळ. आमच्या स्रोतात त्या चालणार नाहीत. सक्तीची ओळ हवी असेल तिथे बॅकस्लॅशच, म्हणजे एडिटरकॉन्फिगमध्ये (एडिटरच्या सामाईक सेटिंगच्या फाइलीत) शेवटच्या स्पेस छाटण्याचा पर्याय निर्धास्त चालू ठेवता येतो.

विम या एडिटरच्या जुन्या आवृत्त्यांत ओळी जोडताना टिंबानंतर दोन स्पेस टाकण्याची सोय मुळातच चालू असे. ती वापरणाऱ्यांनी ‘जॉइनस्पेसेस’ बंद करावे. ईमॅक्समध्ये ‘सेंटेन्स-एंड-डबल-स्पेस’ निल करावे.

क्रमांकित पायऱ्या: ‘१.’ असा देवनागरी अंक ओळीच्या सुरुवातीला लिहिला तर मार्कडाऊन त्याला यादी मानत नाही आणि सगळ्या पायऱ्या एका परिच्छेदात मिसळतात. स्रोतात इंग्रजी अंक, आणि पानावर सीएसएसमध्ये यादीचा प्रकार ‘देवनागरी’.

१७ जून

तपासणीची स्क्रिप्ट. वेल या लिंटरसाठी (लिखाणातले दोष दाखवणारे साधन) मिळणारा गूगल शैलीचा जागेचा नियम आधी चालवून पाहिला. मराठी फाइलींत तो एकही दोष दाखवत नाही. कारण त्याची रेगेक्स (शोधायचा नमुना) टिंबाआधी लॅटिन लहान अक्षर आणि नंतर लॅटिन मोठे अक्षर शोधते. ‘दोष नाहीत’ हा निकाल आपल्या लिपीसाठी निरर्थक आहे, हे नव्याने येणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

स्वतःचा नियम पायथनमध्ये लिहिताना मोठा अडसर मात्रांचा. पायथनच्या मूळ रेगेक्स मॉड्यूलमध्ये ‘बॅकस्लॅश-डब्ल्यू’ अक्षर आणि अंक धरते, मात्रा आणि अनुस्वार धरत नाही. मराठी सूचना संपतात कशाने? ‘करा’, ‘उघडा’, ‘आहे’, ‘नये’. सगळ्यांच्या शेवटी मात्रा. ‘शब्द-अक्षर, टिंब, स्पेस’ असा नमुना लिहिला तर हस्तपुस्तिकेतली जवळपास सगळीच वाक्ये त्यातून सुटतात. उपाय: देवनागरीचा पूर्ण पट्टा थेट क्रमांकांनी द्या, २३०४ ते २४३१. त्यात दंड (२४०४), दुहेरी दंड (२४०५) आणि अंक (२४०६ ते २४१५) येतात, ते गरजेप्रमाणे वगळा.

स्क्रिप्टचे नियम, या क्रमाने: टिंब, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह किंवा स्वल्पविराम यांच्याआधी स्पेस नको. देवनागरी-टिंब-देवनागरी असे चिकटलेले नको. टिंबानंतर साधी स्पेस नको. अंक-टिंब-स्पेस-अंक नको. उभी रेघ तक्त्याबाहेर नको. यादीतल्या संक्षेपानंतर बॅकस्लॅश-स्पेस हवीच. कोडचे ठोकळे आणि वेबपत्ते आधी बाजूला काढून मगच हे चालवायचे.

स्क्रिप्ट दोष दाखवते, दुरुस्त करत नाही. ‘टिंब अधिक साधी स्पेस’ म्हणजे वाक्याचा शेवट की नवा संक्षेप, हे माणसानेच ठरवावे.

१८ जून

विसर्ग आणि अपूर्णविराम. ‘टीपः’ मध्ये विसर्ग (२३०७) आणि ‘स्वत:’ मध्ये अपूर्णविराम (५८), दोन्ही उलटे पडलेले बरेच आढळतात. विसर्ग हे जोडचिन्ह आहे. स्पेसनंतर आला तर ठिपक्यांच्या वर्तुळावर बसतो. ‘त’ नंतर अपूर्णविराम आला की संशय (स्वतः, विशेषतः, सामान्यतः), आणि या शब्दांखेरीज विसर्गानंतर स्पेस आली तरी संशय. नियम जोडला.

२४ जून

जुन्या मजकुराची सफाई. क्रम महत्त्वाचा आहे.

आधी वेगळी शाखा. पहिल्या कमिटमध्ये (गिटमधली बदलांची एक नोंद) फक्त न दिसणारी चिन्हे: शून्य रुंदीची स्पेस (८२०३) काढली. ती पायथनच्या ‘बॅकस्लॅश-एस’मध्ये येत नाही, म्हणून क्रमांकानेच शोधावी लागते. शून्य रुंदीचे जोडक (८२०५) आणि विलगक (८२०४) यांना सरसकट हात लावायचा नाही; ‘ऱ्या’सारखा अर्धा र काही मजकुरात जोडकाने लिहिलेला असतो, तो काढला की ‘र्‍या’चे ‘र्या’ होते. दुसऱ्या कमिटमध्ये वर्डमधून आलेल्या क्रमांक १६० च्या स्पेसची बॅकस्लॅश-स्पेस केली. हे स्पेस गोळा करण्याच्या आधी होणे सक्तीचे आहे: पायथनची ‘बॅकस्लॅश-एस’ जावासारखी नाही, ती अतूट स्पेसही गिळते, आणि मग हाताने लावलेल्या सगळ्या खुणा एका फटक्यात साध्या स्पेस होतात. तिसऱ्यात ओळीच्या मधल्या दोन स्पेसची एक. ओळीच्या सुरुवातीच्या स्पेसना धक्का नाही, त्यांच्यावर पोटयाद्या उभ्या आहेत. चौथ्यात वाक्यागणिक ओळ.

शब्द बदलणारा एकही बदल या चार कमिटमध्ये नाही. चौघांचे क्रमांक ‘गिट-ब्लेम’ने दुर्लक्षायच्या यादीत टाकले, म्हणजे कोणती सूचना कोणी लिहिली याचा माग सफाईपाशी येऊन अडत नाही.

पडताळणी: सफाईआधीचे आणि नंतरचे एचटीएमएल बनवून दोन्हींतली सगळी पांढरी जागा काढायची आणि उरलेला मजकूर तुलनेला लावायचा. फरक दिसला तर तो फक्त काढलेल्या शून्य रुंदीच्या स्पेसचा असला पाहिजे.

३० जून

हिंदी अनुवाद. ओमेगाटीमध्ये स्रोत मराठी, तोडणीचा मूळ नियम तसाच. ‘क्र.\ २’ मध्ये टिंबानंतर बॅकस्लॅश येतो, स्पेस नाही, त्यामुळे तुकडा पडत नाही. अनुवादकाला सूचना: बॅकस्लॅश हिंदीतही ठेवा.

दंड शब्दाला चिकटून, नंतर एक स्पेस. दंडाआधी स्पेस दिली की त्या जागी ओळ तुटू शकते, आणि फोनच्या अरुंद पडद्यावर एकटा दंड खालच्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन बसतो. दंडाऐवजी उभी रेघ टाइप केली तर मजकुरात फारसे कळत नाही. देखभालीच्या तक्त्यात मात्र ती नवा स्तंभ उघडते आणि ‘दर महिन्याला’चा मजकूर ‘दर सहा महिन्यांनी’च्या रकान्यात सरकतो. हा दोष छपाईपर्यंत गेला तर टाकी सहा महिने धुतली जाणार नाही. त्यामुळे उभ्या रेघेचा नियम हिंदी फाइलींवरही चालतो, आणि तक्त्यांत प्रत्येक ओळीतले रकाने मोजले जातात.

४ जुलै

ए३ पत्रक, झीलेटेक्समधून (लेटेक्सची युनिकोड वाचणारी आवृत्ती). टेक्, म्हणजे लेटेक्सचा गाभा, मुळात वाक्यानंतर जास्त जागा सोडते. टिंबाचा ‘स्पेस फॅक्टर’ ३०००, अपूर्णविरामाचा २०००, स्वल्पविरामाचा १२५०. इंग्रजी मोठ्या अक्षरांचा ९९९ ठेवलेला असतो, त्यामुळे आद्याक्षरांनंतरचे टिंब वाक्याचा शेवट मानले जात नाही. देवनागरी अक्षरांना ही सवलत नाही, ती सगळी १००० वर आहेत. परिणामी जिथे बॅकस्लॅश-स्पेस राहून गेली असेल अशा प्रत्येक संक्षेपानंतर वाक्याएवढी रुंद जागा पडते. दंडाला याउलट काहीच जास्तीचे मिळत नाही, म्हणजे मराठी आणि हिंदी पत्रके शेजारी लावली की वाक्यांमधली जागा वेगळी दिसते. प्रस्तावनेत ‘फ्रेंचस्पेसिंग’ लिहिले, दोन्ही सारखी झाली.

दोन्ही कडा जुळवलेली मांडणी पत्रकात नको. मोठ्या टाइपात ओळीत चार-पाच शब्द मावतात आणि जुळवणीसाठी शब्दांमधल्या जागा इतक्या ताणल्या जातात की वाक्यांमधली जागा वेगळी ओळखू येत नाही. डावी कड सरळ, उजवी मोकळी.

८ जुलै

वेबपानावर टिंब बारीक आणि खाली दिसत होते. फॉन्टच्या यादीत लॅटिन फॉन्ट पहिला होता. टिंब त्या फॉन्टमध्येही असल्यामुळे ब्राउझर ते तिथूनच उचलतो, अक्षरे मात्र पुढच्या देवनागरी फॉन्टमधून. यादीत ‘मुक्त’ पहिला आणला (मुंबईच्याच एक टाइपने केलेला, देवनागरी आणि लॅटिन दोन्ही त्यात आहेत), टिंब आणि अक्षर एका वजनाचे झाले. पानाला मराठी भाषेची खूण आहे का तेही तपासले. हिंदी पानावर ती हिंदीची हवी, कारण ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे त्यावरूनच निवडली जातात.

पुढचे: पाणीकपातीच्या काळातल्या वेळापत्रकाचे प्रकरण आले आहे, त्यात ‘स.’, ‘सायं.’ आणि ‘वा.’ जागोजाग आहेत. आधी ते पूर्ण शब्दांत लिहून घ्यायचे, मग ओळी पाडायच्या. ‘सायं.’ यादीत घ्यायचा नाही.